नायिकेचा देव बदलण्याची घाई

'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांची एके काळची मोठी संघटना. २०२१ च्या उन्हाळ्यात तिने धार्मिक-आध्यात्मिक आशयाच्या प्रणयकादंबरीचं पारितोषिक जाहीर केलं आणि काही दिवसांतच, ऑगस्टमध्ये, ते मागे घेतलं. त्या कादंबरीचा नायक घोडदळातला अधिकारी. २९ डिसेंबर १८९० रोजी साउथ डकोटातल्या वुंडेड नी इथे अमेरिकी घोडदळाने लाकोटा या मूळनिवासी लोकांची कत्तल केली. मेलेल्यांचा आकडा दीडशेपासून तीनशेपर्यंत सांगतात आणि त्यात बायका-मुलं पुष्कळ होती. नायक त्या कत्तलीत सामील असतो. पुढे त्याला पश्चात्ताप होतो, देवाची क्षमा मिळते आणि नायिकाही मिळते. त्याआधी २०१५ मध्ये याच संघटनेच्या पारितोषिकांच्या अंतिम यादीत आणखी एक कादंबरी दोन विभागांत झळकली होती. तिची नायिका ज्यू, नायक टेरेझिनच्या नाझी छावणीचा प्रमुख आणि कथेचा सगळा ओढा ख्रिस्ताकडे.

दोन्ही वेळा भांडण फिरून एकाच प्रश्नावर आलं: दुसऱ्या समाजाबद्दल लिहिण्याचा हक्क कोणाला? एक बाजू म्हणाली, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, त्यानेच लिहावं. दुसरी म्हणाली, कल्पनेला कुंपण घालता येत नाही. माझ्या मते हा प्रश्नच आडवाटेला नेणारा आहे. या कादंबऱ्या फसल्या त्या पात्रांच्या बांधणीत, आणि ती बांधणी या साहित्यप्रकाराच्या एका नियमातून आपसूक येते. नियम तसाच ठेवून लेखक बदलला तरी पुस्तक जवळपास तेच निघेल.

अमेरिकी बाजारात या प्रकाराला 'इन्स्पिरेशनल रोमान्स' म्हणतात. नाव मोघम आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर आणि येशूशी व्यक्तिगत नात्यावर भर देणाऱ्या, प्रोटेस्टंट ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेली प्रेमकथा. हार्लेक्विन कंपनीची 'लव्ह इन्स्पायर्ड' ही मालिका १९९७ पासून चालू आहे आणि तिच्या कादंबरीला साधारण ५५,००० शब्दांची जागा मिळते. तेवढ्यात तीन धागे विणायचे: बाहेरचं एखादं संकट, दोघांचं प्रेम आणि किमान एकाची श्रद्धेची वाटचाल. चुंबनापलीकडे काही नको, शिव्या नकोत, शेवट आशादायी हवा. आणि कोणी मुद्दाम सांगो न सांगो, शेवटच्या पानावर दोघं एकाच विश्वासाचे हवेत. याचं मूळ पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. विश्वास न ठेवणाऱ्यांशी स्वतःला जोडून घेऊ नका, असं तो तिथे बजावतो.

नायक-नायिका एकाच समाजातले असतील तर हा नियम फारसा टोचत नाही. देवावर रुसून चर्च सोडलेला टेक्सासचा गुराखी शेवटी चर्चमध्ये परततो, म्हणजे स्वतःच्याच घरी परततो. तीच चौकट दोन संस्कृतींवर बसवली की परतण्याचा अर्थ पालटतो. आता एकाने दुसऱ्याच्या घरी कायमचं जायचं आहे. वीस प्रकरणांची कादंबरी असेल तर सतराव्या-अठराव्या प्रकरणापर्यंत त्या लाकोटा, ज्यू, हिंदू किंवा मुस्लिम पात्राला आपला देव खाली ठेवावाच लागणार, हे लेखकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं. जे पुढे टाकूनच द्यायचं ते वजनदार करून कसं चालेल? म्हणून तो त्या देवाला आधीपासूनच हलका करत जातो. नायिकेच्या घरचा धर्म म्हणजे कडक बाप, घुमी आजी आणि बंद खिडक्या एवढंच उरतं. हे दर वेळी पूर्वग्रहातून होतं असं नाही. बऱ्याचदा ती निव्वळ कथानकाची सोय असते. पण ज्याच्या आजीला असं घुमं केलं जातं, त्याला या दोहोंतला फरक समजावून सांगून उपयोग काय?

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणायला जागा नाही. आपल्या मालिका-सिनेमांतली परधर्मी सूनबाई आठवा. ती आरती पाठ करते, मोदकाच्या कळ्या पाडायला शिकते, नऊवारीत देवघरासमोर उभी राहते आणि सासूबाईंचे डोळे भरून येतात. देव बदलला, साचा तोच. तिची रविवारची मिस्सा किंवा तिचा रोजा कुठे गेला, हे विचारायचं कोणाला सुचत नाही, कारण ते आधीही कधी दाखवलेलं नसतं.

आमिश म्हणजे आधुनिक सुखसोयींपासून लांब, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती समाज. त्यांच्या प्रेमकथा हे या प्रकाराचं खूप खपणारं आणि सर्वांत बोलकं उदाहरण. अमेरिकेत आणि कॅनडात मिळून आमिश सुमारे ४ लाख. त्यांच्यावरच्या प्रणयकादंबऱ्या मात्र बहुतांशी आमिश नसलेल्या इव्हँजेलिकल लेखिका लिहितात. घोडागाडी, टोपी, गोधड्या, धान्याची कोठारं हा तपशील त्या नीट गोळा करतात. चूक होते ती पात्राच्या आत. या कादंबऱ्यांतली आमिश मुलगी एका रात्री गुडघे टेकते, येशूला 'आपल्या हृदयात बोलावते' आणि सकाळी सांगते की माझं तारण झालं. ही इव्हँजेलिकल चर्चची भाषा झाली. आमिश परंपरेत स्वतःच्या तारणाची अशी खात्री जाहीर करणं उद्धटपणाचं वाटतं. तिथे माणूस आशा धरतो आणि निवाडा देवावर सोडतो. श्रद्धा दिसते ती मंडळीपुढे नमतं घेण्यात, शेजाऱ्याचं जळालेलं कोठार सगळ्यांनी मिळून उभारण्यात. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःहून घ्यायचा असतो. तो घेण्याआधी कोणी समाज सोडला तर घरच्यांना दुःख होतं, पण बहिष्कार पडत नाही. बाप्तिस्म्यानंतर सोडला तर पडतो. म्हणजे नायिका बाहेरच्या मुलाच्या प्रेमात बाप्तिस्म्याआधी पडली की नंतर, यावर अख्खी कादंबरी फिरते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने टोपीच्या नाड्या कितीही अचूक बांधल्या तरी त्या टोपीखाली त्याच्या स्वतःच्याच चर्चमधली मुलगी बसलेली असते.

म्हणून पात्र बांधताना पहिलं काम: श्रद्धेला मतांच्या यादीतून बाहेर काढून दिनक्रमात आणा. देव आहे की नाही यावरचे संवाद नंतर लिहिता येतील. आधी दोन्ही पात्रांचं एका वर्षाचं वेळापत्रक मांडा. उदाहरणासाठी मराठीतलीच जोडी घेऊ. ती वसईच्या सामवेदी कॅथलिक घरातली, तो पंढरपूरजवळच्या माळकरी घरातला. दोघांची शाळेची भाषा एक, पाठ्यपुस्तकातल्या कविता एक, आणि तरी संस्कृती दोन.

त्याच्या गळ्यात माळ आहे, म्हणजे मांस आणि दारू नाही. महिन्याला दोन एकादश्या, संध्याकाळी हरिपाठ, आणि आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर जवळपास तीन आठवडे पायी चालणं. तो पुण्यात नोकरी करत असेल तर एवढी रजा कशी मिळवतो? पूर्ण वारी जमत नसेल तर कुठून कुठपर्यंत चालतो, आणि त्याचे वडील त्यावर काय म्हणतात? तिच्याकडे रविवारची मिस्सा आहे, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आहे, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास आणि मांस वर्ज्य आहे, गावच्या चर्चचा सण आहे, वारलेल्या आजोबांसाठी दरवर्षी सांगितलेली मिस्सा आहे. ही दोन वेळापत्रकं शेजारी ठेवली की प्रसंग शोधावे लागत नाहीत. गुड फ्रायडेला दोघांच्या ताटात मांस नसतं, आणि उपाशी राहणं म्हणजे काय हे दोघांना लहानपणापासून माहीत असतं. देवावर तासभर चर्चा करून जी जवळीक येणार नाही ती अशा एका दुपारी येते. उलट बाजूला लग्नाचं जेवण. तिच्या मामाला डुकराचं मटण आणि वाइनशिवाय लग्न सुनं वाटणार आणि त्याचे वडील त्या मांडवात पाणीही पिणार नाहीत.

लग्नाची तारीख काढायला बसा, म्हणजे कादंबरीचं निम्मं कथानक हाती येतं. त्याच्या घरी आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, लग्न नाही. पौषातही टाळतात. तिच्या घरी नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ टाळायचा. उरतात तुळशीच्या लग्नानंतरचे नोव्हेंबरातले थोडे दिवस, माघातले काही आठवडे आणि ईस्टर ते आषाढी यांच्यामधला उन्हाळा. उन्हाळ्यात त्याच्या गावी पाण्याचा टँकर येतो आणि तिच्या गावी मांडव मिळत नाही. 'दोन्ही घरांचा विरोध होता' असं लिहून जे वाक्य मरतं, ते दोन कॅलेंडरं टेबलावर ठेवून बसलेल्या दोन बापांमुळे जिवंत होतं.

दुसरं काम: समाजाला एकसंध समजू नका. वसईवर पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९, चिमाजी अप्पांच्या विजयापर्यंत. त्या काळात ख्रिस्ती झालेल्यांत सामवेदी, वाडवळ, कोळी असे वेगवेगळे समाज होते आणि ते वेगळेपण धर्मांतराने पुसलं गेलं नाही. मुलीच्या आईने ऐकलं की पोरीचं कुठेतरी जमलंय, तर 'कोणत्या धर्माचा?' याआधी ती कदाचित 'आपल्यातला की वाडवळ?' असं विचारेल. घरात सामवेदी बोली चालते, अंगणापलीकडे केळी, फुलं आणि भाजीचे वाफे असतात. तिला गिटार देऊन दर वाक्यामागे 'मॅन' म्हणायला लावणारा लेखक मुंबईच्या जुन्या सिनेमातून वसई उचलतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातला ख्रिस्ती माणूस तर आणखी निराळा. तिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. चर्चमध्ये फादर नाही, पाळक असतो. मिस्सा नाही, उपासना असते. आडनाव साळवे किंवा गायकवाड. आणि त्याच्यापुढे वसईच्या मुलीला कधीच न पडलेला प्रश्न असतो. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा जवळपास फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. त्यामुळे दलित ख्रिस्ती घरात दाखल्यावरचा धर्म आणि रविवारचा धर्म यांच्यात ताण असू शकतो. आता नायक बौद्ध आणि नायिका दलित ख्रिस्ती अशी जोडी करा. दोघांचे पणजोबा कदाचित एकाच वस्तीतले. दोन्ही घरांसाठी धर्मांतर ही सुटकेची आठवण आहे, एका घरी ती मिशनच्या शाळेशी जोडलेली, दुसऱ्या घरी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरशी. या दोघांच्या भांडणात जी धार येईल ती वसई-पंढरपूरच्या जोडीत येणार नाही. तिने बौद्ध व्हायचं म्हटलं तर सवलत मिळवायला आलीस का, असं ऐकून घ्यावं लागेल. त्याने ख्रिस्ती व्हायचं म्हटलं तर त्याची राखीव जागेवरची नोकरी पणाला लागू शकेल. प्रेमकथेला यापेक्षा खरा अडथळा कुठला हवा?

धर्मांतर दाखवायचंच असेल तर त्याला लागणारा वेळ माहीत हवा. इथे अक्षरशः पंचांगाची चूक होते. कॅथलिक होऊ पाहणाऱ्या प्रौढाला आधी शिक्षणाचा काळ पार पाडावा लागतो, बऱ्याचदा कित्येक महिन्यांचा, आणि स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. ऑर्थोडॉक्स ज्यू परंपरेत धर्मगुरू आधी परतवून लावतात. मग दीर्घ अभ्यास, तिघांच्या धर्मन्यायालयापुढे चौकशी आणि शेवटी विधिवत स्नान. इस्लाममध्ये शहादा, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारं वाक्य, उच्चारायला मिनिटही लागत नाही. तिथे कथा त्या मिनिटानंतरच्या वर्षांत असते. नवव्या प्रकरणात भेट आणि बाराव्यात कॅथलिक धर्मांतर असं लिहिलं तर मधे एक ईस्टर तरी आला का, हे जाणता वाचक मोजतोच.

फादर मुलाला ख्रिस्ती व्हायला भाग पाडतात हा प्रसंगही असाच घासून गुळगुळीत झालेला. कॅथलिक व्यक्ती आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या लग्नाला बिशपांची सूट लागते. ती मिळाली की परधर्मीयाने धर्म न बदलताही चर्चमध्ये लग्न लागू शकतं. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं वचन द्यावं लागतं ते फक्त कॅथलिक व्यक्तीला. दुसऱ्याला त्या वचनाची कल्पना द्यायची, त्याची सही मागायची नाही. पण ही सवलत १९७० ची. त्याआधी दोघांकडून वचन घेतलं जाई. म्हणजे १९६२ ची कथा आणि १९९२ ची कथा यांतला धर्मगुरू वेगळं बोलला पाहिजे. आणि नाट्य तरी कुठे आहे? सही न मागितलेल्या मुलाने ते वचन शेजारी उभं राहून ऐकण्यात. तिने आपल्या होणाऱ्या मुलांबद्दल कोणाला तरी शब्द दिलाय, आपल्याला कोणी विचारलंही नाही. त्या रात्री तो तिला काय म्हणतो, हे प्रकरण लिहा.

कायद्याचंही तेच. धर्म न बदलता नोंदणी करायची तर विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एक जण नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. नोटीस कार्यालयात लावली जाते, हरकतींसाठी ३० दिवस असतात, दोघांपैकी कोणी कायमचं दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही लागते. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद. म्हणजे पुण्यात गुपचूप नोंदणी करू म्हणणाऱ्या जोडप्याचा कागद पालघरला किंवा सोलापूरला फलकावर चिकटतो, आणि तो कागद प्रथम कोण वाचतं यावर कथा वळण घेते. याच कायद्याच्या १९ व्या कलमानुसार एकत्र कुटुंबातल्या हिंदूने असं परधर्मीयाशी लग्न केलं की तो त्या कुटुंबातून कायद्याने वेगळा झाला असं मानलं जातं. थोरल्या भावाच्या रागात संस्कृती किती आणि सामायिक जमीन किती, हे त्यामुळे लेखकाला आधी ठरवावं लागतं. कथा उत्तर प्रदेशात नेली तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे धर्मांतराआधी ६० दिवस जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. तिथे नायिकेने चंद्रप्रकाशात अचानक धर्म बदलला तर पुढचं प्रकरण पोलीस ठाण्यात उघडेल.

यावर श्रद्धाळू लेखकाचा एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. तो म्हणतो, माझा देव खरा आहे असं मी मनापासून मानतो. माझ्या आवडत्या पात्राला तो भेटावा हा मला सर्वांत सुखाचा शेवट वाटतो. तो मी का लपवू? लपवू नये. पण मग ती भेट प्रेमाच्या पाठीवर बसवून का आणता? लिहिलेल्या धर्मांतराची परीक्षा सोपी आहे. त्या प्रकरणाआधी प्रियकर अपघातात गेला असं समजा. पात्र तरीही तोच निर्णय घेईल का? घेणार नसेल तर पुस्तकात घडलं ते लग्नाच्या अटीची पूर्तता होती, आणि तिला देवाचं नाव देणं श्रद्धेलाच कमी लेखणं आहे.

मराठीत याचं सर्वांत मोठं उदाहरण काल्पनिक नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचं नवऱ्यावर प्रेम होतं, संसार होता, मूल होतं. तरी त्या त्यांच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे एकत्र आल्यावरही बाईंचं मन आपल्याच चालीने सरकत गेलं. शिवाशिवीचे प्रश्न, पाणी, जेवण अशा घरगुती गोष्टींवर त्या अडल्या, विचार केला आणि मग बाप्तिस्मा घेतला. दोन निर्णयांमध्ये वर्षं गेली आणि त्या वर्षांतच कादंबरीएवढं जगणं होतं. प्रेरक प्रेमकथा लिहिणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे अंतर. प्रेमाची घटना एका प्रकरणात आणि श्रद्धेची दुसऱ्यात, मधे भरपूर पानं.

बायबलमधली रूथची कथा या प्रकारात सारखी आधाराला घेतली जाते आणि सारखी चुकीची वाचली जाते. 'तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव' हे ती बवाजाला, म्हणजे पुढे ज्याच्याशी तिचं लग्न होतं त्याला, म्हणत नाही. त्याची तिची भेटही झालेली नसते. ती म्हणते आपल्या विधवा सासूला, स्वतःचा मवाब देश सोडून तिच्याबरोबर बेथलेहेमला निघताना. बवाज नंतर शेतात भेटतो, ती सातूची कणसं वेचायला गेलेली असताना. आणि ते वचन देऊन झाल्यावरही कथा तिला पुनःपुन्हा 'मवाबी रूथ' म्हणते, अगदी वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर लग्नाचं ठरतं तेव्हाही. चार अध्यायांच्या त्या कथेने देव बदललेल्या बाईचं गाव पुसलेलं नाही. आजच्या कादंबऱ्यांना एवढंही साधत नाही.

मग शेवटी दोघांना काय द्यायचं? इथे मी हिशोबाचा कागद सुचवेन. दोन रकाने, दोघांची नावं, आणि कथेच्या अखेरीस प्रत्येकाने काय गमावलं ते त्याखाली: माणसं, पैसा, जेवण, भाषा, सण, हक्क. पहिला खर्डा झाला की बसून भरा. एका रकान्यात सहा ओळी आणि दुसऱ्यात 'थोडा गैरसमज' असं निघालं तर शैली सुधारून काही होणार नाही, मधली दहा प्रकरणं पुन्हा लिहावी लागतील. सहसा रिकामा रकाना लेखकाच्या स्वतःच्या समाजातल्या पात्राचा असतो.

दुसरी दुरुस्ती त्यापेक्षा स्वस्त आहे. प्रणयकादंबरीत कथनाची नजर आळीपाळीने दोघांकडे जाते. परक्या घरात पहिलं पाऊल पडतं ते प्रकरण लेखक हमखास पाहुण्याच्या नजरेतून लिहितो. मग मेणबत्त्या, उदबत्त्या, घंटा, रंग यांची झोड उठते. तेच प्रकरण घरच्या माणसाच्या नजरेतून लिहून पाहा. तिला क्रूस दिसतच नाही, रोजचा आहे. तिला दिसतं की काकांनी यायचं टाळलं, भिंतीचा पोपडा निघालाय, आणि हा मुलगा चपला दाराबाहेर काढून आत येतोय तर आई गोंधळलीय. एका नजरबदलाने निम्मं प्रदर्शन गळून जातं.

प्रत्येक धर्माच्या बाजूने एक तरी शहाणं, हसतं माणूसही हवं. नायिकेने ज्याला सोडून जाणं अवघड वाटावं असं कोणी. कट्टर बाप चालेल, पण त्याच घरात रोज जपमाळ ओढणारी आणि सगळ्यांवर विनोद करणारी आत्याही असू द्या. बोलीचं म्हणाल तर अख्खे संवाद सामवेदीत लिहायचा हट्ट नको. प्रसंगाला दोन-तीन शब्द पुरतात, तेही ती बोलणाऱ्याकडून तपासून घेतलेले. त्या समाजातल्या दोघा-तिघांना हस्तलिखित वाचायला देताना 'काही खटकतंय का?' असं विचारू नये, लोक भिडेपोटी नाही म्हणतात. 'कुठल्या पानावर हसू आलं जिथे यायला नको होतं?' असं विचारावं. आणि वाचणाऱ्यांत एक श्रद्धावान, एक धर्मापासून लांब गेलेला असे दोन्ही हवेत. एकटा श्रद्धावान समाजाची अब्रू सांभाळतो, एकटा दुरावलेला आपला जुना राग काढतो.

एवढं सगळं करून कादंबरी जड होईल, वाचक हलकंफुलकं मागतो, असं प्रकाशक म्हणेल. पण वर आलेल्या तपशिलात जड काय आहे? तारीख ठरत नाही, मामा जेवणावरून रुसतो, नोटीस भलत्याच माणसाच्या हाती पडते. विनोद इथेच आहे आणि ओढही. आशादायी शेवटाचा नियमही मोडत नाही. दोघं एकत्र आहेत आणि एकत्र राहतील, एवढं वाचकाला पटलं की त्याचं समाधान होतं. दोघांचा देव एकच असला पाहिजे ही अट वाचकापेक्षा छापणाऱ्यांनी अधिक जपली आहे.

फक्त ते एकत्र राहणं लग्नाच्या मांडवापाशी तपासू नका, तिथे सगळेच उदार असतात. पात्रांच्या टिपणवहीत शेवटचा प्रश्न मरणाचा लिहा. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे, पण २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा कुठे विखरायची नाही, पवित्र जागी जपून ठेवायची. त्याच्या घरी ती चंद्रभागेत सोडतात. तिच्या गावच्या स्मशानभूमीत तिच्या आई-वडिलांची जागा आहे, त्याच्यासाठी तिथे जागा मिळेल का हे फादरना विचारावं लागेल. दोघांपैकी कोणी तरी आधी जाणार आणि मागे राहणाऱ्याला दुसऱ्याच्या धर्माप्रमाणे काही तरी करावं लागणार. हे बोलणं त्यांनी कोणत्या प्रकरणात केलं? केलंच नसेल तर ते दोघं अजून एकमेकांना पुरते भेटलेले नाहीत, आणि खर्डा प्रकाशकाकडे धाडायला अवकाश आहे.